नक्षल हिंसाचारातील मदतीचा अर्ज : माझा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातील आमच्या गावातून माझ्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, एका रात्री घरातून उठवून नेण्यात आले आणि सकाळी त्यांचा मृतदेह रस्त्यावर सापडला. उशाशी दगडाखाली ‘पोलीस खबऱ्या’ असे लिहिलेले पत्रक होते. धान आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर जगणारा हा माणूस कोणत्याच बाजूचा नव्हता. त्यानंतर मोठ्या आईच्या अर्जामागे मी अकरा महिने फिरलो.

दहशतवादी व जातीय हिंसाचारात बळी गेलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची योजना २००८ पासून आहे. नक्षल हिंसाचार तीत २००९ मध्ये आला आणि २०१६ मध्ये मदत ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाली. रक्कम रोख मिळत नाही. ती वारसाच्या नावे किमान ३ वर्षे मुदत ठेवीत राहते आणि व्याज दर तिमाहीला बचत खात्यात येते.

प्रथम खबर अहवाल, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यू दाखला मिळाला, पण वारस दाखल्यापाशी गाडी अडली, कारण मोठ्या आईचे नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरे होते. प्रतिज्ञापत्र केले, तोवर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले आणि तालुक्याचा रस्ताच बंद झाला.

खरी कसोटी पोलीस पडताळणीची होती. मृत व्यक्ती हिंसेत सामील नव्हती, हे अहवालात यावे लागते. मात्र मोठ्या बाबांना लहानपणापासून ओळखणारी माणसेही जबाब द्यायला धजावेनात, आणि त्यांना मी दोष देत नाही. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांतील समान तिसरे कलम देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही लढाईत भाग न घेणाऱ्याची हत्या वर्ज्य ठरवते. आमच्याकडे मात्र मेलेला माणूस लढत नव्हता हे सांगायला साक्षीदार शोधत विधवेलाच दारोदार जावे लागले. अखेर दोन वृद्धांनी अंगठे दिले.

मंजुरीनंतर एका कार्यक्रमात मदतीचे पत्र स्वीकारण्याचा निरोप आला. मोठी आई आमच्या माडिया बोलीत एवढेच म्हणाली, “फोटो निघाला तर उद्या मलाही खबरी म्हणतील.” तिचे म्हणणे मी जसेच्या तसे मराठीत लिहून अर्ज केला : कार्यक्रम नको, छायाचित्र नको, वर्तमानपत्रात नाव नको. अशा घरांना मदत देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे आधी विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमचा अर्ज मान्य झाला आणि रक्कम थेट बँकेत जमा झाली.

पहिल्या व्याजाची नोंद पासबुकावर छापून घेतल्यावर तिने ते लुगड्याच्या पदरात गुंडाळून कमरेला खोचले. परतताना मीठ आणि सुकी मासळी घेतली. गावात कोणी विचारलेच, तर आम्ही बाजाराला गेलो होतो.