आमची वाटचाल : बापाची गोष्ट की पोरीची?

रत्नागिरीत बसून व्हिडिओ गेम बनवतो म्हटलं की समोरचा विचारतो, "मग पुण्याला का नाही गेलात?" आमचा पहिला गेम पुण्यात सुचलाच नसता, हे त्याचं उत्तर.

२०१६ साली आम्ही तिघं शाळांसाठी क्विझ ॲप आणि आंबा बागायतदारांच्या वेबसाइट करायचो. संध्याकाळी भाट्याच्या पुलावर जाऊन खाडीचं पाणी चढताना बघायचो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, अवसेला-पुनवेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढतं. इथल्या खलाशांना हे तोंडपाठ असतं. त्यावरच गेम बेतला. खाडीपार माणसं नेणारी होडी, म्हणजे 'तर', चालवणारा बाप नाहीसा होतो, मुलगी त्याची दुसरी होडी काढून शोधायला निघते. पाणी ओळखायला ती शिकते, तिच्याबरोबर खेळणाराही शिकतो. शेवटी बापाची होडी सापडते, रिकामी.

२०२१ मध्ये गेम बाहेर पडला. फार खपला नाही, पण ज्यांनी खेळला त्यांची पत्रं येत राहिली. अर्ध्यांना बापाचं काय झालं ते हवं होतं, अर्ध्यांना पोरीचं पुढचं.

तोवर आम्ही पाच जण झालो होतो. दुसऱ्या गेमसाठी आम्ही बापाची, म्हणजे आधीची गोष्ट घेतली. खरं कारण पैशाचं. तीच खाडी, त्याच होड्या, तोच धक्का, सगळी मॉडेल्स तयार. पतसंस्थेचा हप्ता चालू असताना हे फार मोठं असतं.

सात महिन्यांनी डेमो चार जणांना खेळायला दिला. चौघांनीही तो मध्येच ठेवून दिला. बाप मुरलेला तरीवाला, त्याला पहिल्या मिनिटापासून पाणी कळतं. मग खेळणाऱ्याने शिकायचं काय? त्याला अडाणी दाखवावं तर पहिला गेम खोटा पडतो. आणि तो जाणार हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे वादळातही कुणाचा जीव वरखाली होत नव्हता.

त्या आठवड्यात 'रेड डेड रिडेम्प्शन' हा अमेरिकेतल्या दरोडेखोरांवरचा गेम पुन्हा काढून बसलो. पहिला भाग २०१० चा, गोष्ट १९११ मधली. २०१८ च्या भागावर आकडा दोनचा, पण गोष्ट मागे १८९९ मध्ये जाते. डच या म्होरक्याची टोळी फुटणार, पहिल्या भागाचा नायक जॉन मार्स्टन वाचणार, हे आधीच माहीत. तरी आपण गुंततो, कारण आपण खेळतो ते टोळीतल्या आर्थर मॉर्गनच्या भूमिकेत आणि पहिल्या भागात त्याचं नावसुद्धा येत नाही. त्याचं काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 'हेलो : रीच' या तशाच मागे जाणाऱ्या गेमने तर नायकाचं फुटलेलं हेल्मेट सुरुवातीलाच दाखवलं, शेवट लपवायची धडपडच नाही. 'गॉड ऑफ वॉर'वाल्यांनी २०१३ मध्ये 'असेन्शन'मधून मागची गोष्ट सांगितली, पण मालिकेत नवा जीव आला तो २०१८ मध्ये, मालिकेचा नायक क्रेटॉस बाप म्हणून पुढे गेला तेव्हा.

माझं मत तेव्हा पक्कं झालं. मागे जायचं तर ज्याचं भविष्य उघड झालेलं नाही अशा माणसाबरोबर जावं. असा माणूस नसेल तर सरळ पुढचा भाग करावा.

आमच्याकडे असा एक होता. पहिल्या गेममध्ये धक्क्यावर एक पोरगा दोर गुंडाळत बसलेला दिसतो आणि एकच वाक्य बोलतो. बापाच्या हाताखाली तो कसा आला, इथून नवी गोष्ट सुरू होते. बापाचं काय झालं ते यातही सांगणार नाही. खाडीचा नकाशा आणि भरतीचा कोड ठेवला, सात महिन्यांचे संवाद सोडून दिले. ते लिहिणारी आमची सहकारी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनेच पोराचं पहिलं वाक्य लिहून आणलं.

गेल्या महिन्यात पहिली फेरी खेळण्याजोगी झाली. पोरगा भांगाच्या पाण्याला उधाण समजतो आणि होडी चिखलात रुतते. जुन्या चौघांपैकी एकाला बोलावलं. तो अकरा वेळा रुतला, चहा गार झाला, आणि बाराव्यांदा त्याने होडी पलीकडे नेली.