तुम्ही विचारलंत म्हणून : क्रिमिनॉलॉजीच्या प्राध्यापकाची जागा निघते कुठे?

पदवीचे निकाल लागले की विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सर, क्रिमिनॉलॉजीत एम.ए. केलं तर पुढे प्राध्यापक होता येतं का? आणि त्याच्या जागा निघतात तरी कुठे?’ पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : होता येते. दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर उभ्याउभ्या दिले की ऐकणारा एक तर हिरमुसतो किंवा भलत्याच आशेने घरी जातो, म्हणून ते एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, शिकवण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली आणि मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसण्याचा योगही आला, तेव्हा जे लिहितो आहे ते बरेचसे पाहिलेले आहे.

सर्वांत आधी पद निर्माण कसे होते ते समजून घ्यावे लागते, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. महाविद्यालयात अथवा विद्यापीठात पद मंजूर होते ते कार्यभारावर; विषय समाजाला किती उपयोगी आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. आता बी.ए.च्या समाजशास्त्रात गुन्हेगारीवर एखादा पेपर असतो, एलएल.बी.ला एखादा वैकल्पिक पेपर असतो, मानसशास्त्रात एखादे प्रकरण असते. अशा एका पेपरचे आठवड्याला ४ तास धरले तर ते पाव पद झाले, आणि पाव पदाची जाहिरात निघत नाही. ते ४ तास विभागातल्या ज्याचा कार्यभार कमी भरत असेल त्याच्या वेळापत्रकात बसवले जातात, नाही तर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन देऊन, कोणाला तरी दिले जातात. म्हणजे विषय शेकडो ठिकाणी शिकवला जातो, पण त्याची स्वतंत्र जागा फार थोड्या ठिकाणी असते. वर्तमानपत्रातील जाहिरातीत ‘विषय : क्रिमिनॉलॉजी’ असा रकाना शोधत बसणाऱ्याच्या हाती वर्षानुवर्षे काही लागत नाही, ते यामुळेच.

असे का झाले, हे समजायला अमेरिकेकडे एक नजर टाकणे उपयोगाचे आहे, कारण तिथे हा विषय स्वतःच्या घरात राहतो. १९६८ च्या एका केंद्रीय कायद्याने तिथल्या पोलिसांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी कर्ज आणि अनुदान मिळू लागले, नोकरीतले पोलीस मोठ्या संख्येने वर्गात येऊन बसले आणि त्यांच्यासाठी ‘क्रिमिनल जस्टिस’चे विभाग ठिकठिकाणी उभे राहिले. न्यूयॉर्कचे जॉन जे कॉलेज १९६४ चे, ऑल्बनीचे स्कूल ऑफ क्रिमिनल जस्टिस १९६८ चे. तिथल्या जाहिराती साधारण ऑगस्टपासून निघू लागतात, नोव्हेंबरात त्यांच्या क्रिमिनॉलॉजी सोसायटीचे वार्षिक अधिवेशन भरते, आणि निवड झालेला उमेदवार पुढच्या ऑगस्टमध्ये रुजू होतो. हे वेळापत्रक इतके ठरलेले आहे की तिकडे पीएच.डी. करणारी आपली मुले त्यावर आपल्या प्रबंधाची तारीख बेततात. आपल्याकडे पोलिसांना शिक्षण पोलीस खातेच देते, आपल्या अकादमीत आणि आपल्या प्रशिक्षण केंद्रांत. फौजदाराच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. क्रिमिनॉलॉजी घेतल्याने तिथे काही अधिक मिळत नसेल, तर पदवीसाठी त्या विषयाकडे विद्यार्थी वळणार कशाला? विद्यार्थी नाहीत म्हणून तास नाहीत, तास नाहीत म्हणून पदे नाहीत, असे हे चक्र आहे.

तरीही पूर्ण विभाग आहेत, आणि ज्याला या वाटेने जायचे आहे त्याला ते पाठ असले पाहिजेत. मध्य प्रदेशातील सागरच्या विद्यापीठात १९५९ पासून क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा (न्यायसहायक विज्ञान, म्हणजे पुराव्याची वैज्ञानिक तपासणी) विभाग आहे. २००९ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झाले, त्यामुळे तिथली नोकरी केंद्राच्या नियमांनी चालते. आपल्याला अंतराने जवळ असलेल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात असाच विभाग आहे. मद्रास विद्यापीठ आणि तिरुनेलवेलीचे मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ ही दक्षिणेतली दोन जुनी घरे. गांधीनगर परिसरात राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ अशी २०२० च्या कायद्यांनी उभी राहिलेली दोन विद्यापीठे आहेत. दिल्लीतील १९७२ ची क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सची राष्ट्रीय संस्था आता त्यांतल्या पहिल्यात सामील झाली आहे, आणि त्याच विद्यापीठाचे एक केंद्र गोव्यात फोंड्याला आहे. जोधपूरला पोलीस आणि फौजदारी न्यायाला वाहिलेले सरदार पटेल विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात या विषयाचे खरे घर म्हणजे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. तिथे हा विषय समाजकार्याच्या अंगाने वाढला आणि १९९० पासून ‘प्रयास’ या प्रकल्पाच्या रूपाने तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात जाऊन पोहोचला. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांची नावे अनेकजण याच यादीत घालतात. पण तिथे रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, डिजिटल पुरावा यांची मंडळी लागतात, क्रिमिनॉलॉजीच्या एम.ए.ची नव्हे.

ही गल्लत इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर थोडे थांबतो. नेट या प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही हे दोन विषय वेगळे आहेत : क्रिमिनॉलॉजीचा क्रमांक ६८, फॉरेन्सिक सायन्सचा ८२. गेल्या काही वर्षांत ज्या जागा खरोखर वाढल्या आहेत त्या दुसऱ्या विषयाच्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची दिशा घेतली आहे, आणि तज्ज्ञ हवेत म्हणजे ते घडवणारे शिक्षक हवेत. खासगी विद्यापीठांत ‘बी.एस्सी. फॉरेन्सिक’ सुरू करण्याची जी अहमहमिका लागली आहे, तिची पार्श्वभूमी ही आहे. तिथे क्रिमिनॉलॉजीचा एक पेपर असतो आणि कधी कधी त्यासाठी एक माणूसही घेतला जातो, एकत्रित वेतनावर, वर्षाच्या कराराने.

मग उरलेल्यांनी काय करायचे? दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्याजवळ ठेवायची. विधी विभागाच्या दारावर एलएल.एम. लागते, ती नसेल तर तुमचा क्रिमिनॉलॉजीतला प्रबंध कितीही उत्तम असो, अर्ज छाननीतच बाद होतो. समाजकार्याच्या दारावर एम.एस.डब्ल्यू. लागते. समाजशास्त्राच्या दारावर तो विषय घेऊन केलेली एम.ए. लागते. आयोगाच्या नियमावलीत ‘संबंधित अथवा संलग्न विषय’ असे शब्द आहेत खरे, पण संलग्न म्हणजे काय हे प्रत्येक छाननी समिती आपापल्या परीने ठरवते, आणि आपला विषय त्यात बसेल या भरवशावर आयुष्याची दोन वर्षे लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. एक प्रथम श्रेणीची विद्यार्थिनी मला आठवते, जिची एम.ए. शुद्ध क्रिमिनॉलॉजीतली होती. एका विद्यापीठाने तिला समाजशास्त्राच्या पदासाठी संलग्न मानून मुलाखतीला बोलावले आणि दुसऱ्याने त्याच वर्षी त्याच कागदपत्रांवर अपात्र ठरवले. मी तरी विचारणाऱ्याला सांगतो की पदव्युत्तर पदवी कायदा किंवा समाजकार्य यांत घ्यावी, गुन्हेगारी हा विशेष विषय ठेवावा आणि नेट जमल्यास दोन्ही विषयांत द्यावी. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही, याची मला कल्पना आहे.

पात्रतेचे बाकीचे नियम फार गुंतागुंतीचे नाहीत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) ही किमान अट आणि पीएच.डी. ऐच्छिक. सातव्या वेतन आयोगात या पदाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. मात्र ‘ऐच्छिक’ या शब्दाने कोणी हुरळून जाऊ नये. विद्यापीठातील मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ज्या गुणांकनावर ठरते, त्या २०१८ च्या तक्त्यात पीएच.डी.ला ३० गुण आहेत, नेटला ५, जेआरएफसह (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) ७ आणि सेटला ३. शोधनिबंधांना प्रत्येकी २ असे जास्तीत जास्त १० आणि अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ असे जास्तीत जास्त १०. एका जागेला अर्ज कितीही आले तरी बोलावणे मोजक्यांनाच जाते, हे लक्षात घेतले की ३० गुण सोडून देण्याची चैन कोणाला परवडेल, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि तासिका तत्त्वावर शिकवत असाल तर त्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळाल्याचे पत्र त्याच वर्षी हस्तगत करून ठेवा. पुढे प्राचार्य बदलतात, कारकून बदलतात, आणि तो अनुभव छाननीत धरला जाणे कठीण होते.

आरक्षणाविषयी आमच्या विषयाच्या उमेदवारांनी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे, कारण लहान विभागांना तिचा फटका सर्वांत जास्त बसतो. बिंदुनामावली, म्हणजे कितवे पद कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणारी यादी, विभागनिहाय धरायची की सबंध विद्यापीठ एक घटक मानायचे, हा वाद २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने पेटला आणि २०१८ मध्ये आयोगाने विभागनिहाय मोजणीचा आदेश काढला. त्या तेरा बिंदूंच्या पद्धतीत पहिले आरक्षित पद, इतर मागासवर्गाचे, चौथे येते, अनुसूचित जातीचे सातवे आणि जमातीचे चौदावे. क्रिमिनॉलॉजीच्या विभागात मुळात तीन-चार पदे. म्हणजे तिथे अनुसूचित जाती-जमातींपर्यंत आरक्षण पोहोचलेच नसते. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांपुरते तरी विद्यापीठ हा घटक पुन्हा प्रस्थापित झाला. तेव्हा जाहिरातीत केवळ विषय न पाहता त्या जागेचा बिंदू कोणता आहे हेही पाहावे. एकच जागा आणि ती आपल्या प्रवर्गाची नसेल, तर अर्जाच्या पाच-सहा प्रती काढून, स्पायरल बाइंडिंग करून टपालाने पाठवण्याचा खर्च निदान विचार करून होईल.

मुलाखतीविषयी विचाराल, तर आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे गुणांकन फक्त बोलावण्यापुरते आणि निवड मुलाखतीवर. समितीत कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ असतात. क्रिमिनॉलॉजीचे तज्ज्ञ देशात थोडे, त्यामुळे त्या खुर्च्यांवर पुष्कळदा कायद्याची किंवा समाजशास्त्राची माणसे असतात. गुन्हेगार जन्मजात असतो असे मानणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील इटालियन लोम्ब्रोसोने घेतलेल्या कवटीच्या मोजमापांत त्यांना रस नसतो, आणि आमचे उमेदवार नेमके तेच घोकून आलेले असतात. एका मुलाखतीत एका तज्ज्ञाने विचारले : जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने शिक्षेचा कोणता नवा प्रकार आणला? उमेदवाराने सामुदायिक सेवा असे बरोबर सांगितले. पुढचा प्रश्न आला : पाच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्याच चोरीत, माल परत केल्यावर, ही शिक्षा आहे, मग सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या कुंपणातल्या वसाहतीत, वाढलेल्या माणसाच्या नातवाला ती मिळेल, की त्याच्या नावावर आधीच काहीतरी लागलेले असेल? या प्रश्नात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे, १९५२ मधले त्याचे रद्द होणे आहे, १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आहे आणि आजचे पोलीस ठाणेही आहे. उमेदवार गप्प राहिला. इतका समृद्ध, इतका आपल्या मातीतला विषय समोर असताना अभ्यासक्रम मात्र शिकागो शहराच्या वर्तुळांभोवती, म्हणजे शहराचे पट्टे पाडून गुन्हेगारी समजावणाऱ्या तिथल्या जुन्या सिद्धांताभोवती, फिरत राहतो, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी इथेही नोंदवून ठेवतो.

प्रबंधाचा विषय निवडताना परवानगीचा विचार आधी करा. तुरुंगातील बंद्यांच्या मुलाखती घ्यायच्या तर कारागृह विभागाच्या पुण्यातील मुख्यालयाची मंजुरी लागते, आणि ती येईपर्यंत शिष्यवृत्तीची मुदत कोणासाठी थांबत नाही. देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली सुमारे तीन अद्याप दोषी ठरलेली नाहीत, कच्चे कैदी आहेत. त्यांच्याविषयीचे पुष्कळसे न्यायालयाच्या दफ्तरात, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर आणि नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या वार्षिक अहवालांत उघड पडलेले आहे. ज्या कामाची मदार एकाच सहीवर नाही ते काम वेळेत पुरे होते.

स्थैर्याबद्दलही बोलले पाहिजे. जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत, टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या निधीवर नेमलेल्या शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा मिळाल्या आणि काही दिवसांत त्या मागेही घेण्यात आल्या. इतक्या नावाजलेल्या संस्थेतही पद कोणत्या निधीतून आले आहे हे विचारून घ्यावे लागते, तर नव्या खासगी विद्यापीठांत ते का विचारू नये? नेमणूकपत्रात ‘अनुदानित’, ‘प्रकल्पाधारित’ की ‘कराराने’ असा कोणता शब्द आहे, हे वेतनाच्या आकड्याआधी वाचावे.

जाहिरातींची वाट पाहण्याचा जो काळ जातो, आणि तो बहुतेकांचा जातोच, त्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षातील परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचे काम, एखाद्या विधी सेवा प्राधिकरणाबरोबरचे काम किंवा तुरुंगात जाणाऱ्या संस्थेतले काम मिळाले तर मी ते घ्यायला सांगतो. त्या अनुभवाला गुणांकनाच्या तक्त्यात एकही गुण नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण बाल न्याय मंडळापुढे सामाजिक तपासणीचा अहवाल लिहिलेला उमेदवार आणि न लिहिलेला उमेदवार यांतला फरक समितीला पहिल्या पाच मिनिटांत कळतो, आणि निवड त्याच खोलीत होते.