एक मोट पुरली असती

पुण्याकडून साताऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. कास, ठोसेघर, सज्जनगड, वेळ उरलाच तर अजिंक्यतारा आणि परतताना कंदी पेढे. या यादीशी माझं भांडण नाही. पण फाट्यावरून आत जाणारा एखादा अरुंद रस्ता, त्याच्या तोंडाशी गंजलेली पाटी आणि पाटीवर एखाद्या विहिरीचं नाहीतर समाधीचं नाव दिसलं की मला गाडीत बसवत नाही. आमचे हे गाडी चालवतात. ‘आत किती आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आकडा कळला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. सासूबाई मागच्या सीटवरून सांगतात, ‘वळव रे, देऊळ असेल.’ बहुतेक वेळा असतंच.

अशी ठिकाणं बघत हिंडताना माझी एक आवड हळूहळू पक्की झाली. किल्ला भव्य असतो, कारण त्यानं भव्य असायचंच असतं. मला गंमत वाटते ती साध्या कामाच्या वस्तूंची, जिथं बांधणाऱ्याचा हात सैल सुटलेला दिसतो. काम भागलं असतं, तरी कुणीतरी थांबलं नाही.

लिंबची बारामोटेची विहीर घ्या. आनेवाडीचा टोलनाका मागे पडला की थोड्या वेळात लिंबचा फाटा येतो. तिथून आत गेलं की गाव, मग ऊस, मग पुन्हा ऊस. बांधावर बसलेल्या एका आजोबांना रस्ता विचारला.

‘हिरीकडं व्हय? सरळ जावा. कुठनं आलायसा?’

‘साताऱ्यातनंच.’

‘आन् आज बगाय आलायसा व्हय?’ म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

वीरूबाई भोसले या साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या घरातल्या. त्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात ही विहीर बांधून घेतली. काम काय, तर आमराईला पाणी देणं. तीन हजारांच्या वर आंब्याची झाडं होती असं सांगतात. झाडं पुष्कळ, म्हणून मोटा पुष्कळ, इथवर हिशेब समजतो. पण पायऱ्या उतरून आत गेलं की हिशेब सुटतो. वरून नुसतं दगडी कठड्याचं तोंड वाटणारी विहीर खाली पुरी वास्तू होऊन उभी राहते. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, मुख्य विहीर अष्टकोनी. तिच्यात आणि पायऱ्यांच्या बाजूच्या भागात एक पूल, आणि त्या पुलावर चक्क महाल! भिंतीतल्या चोरजिन्यानं वर जायचं. खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार कोरलेले. बाहेर भिंतींवर वाघसिंहांची शिल्पं. आमराईचं पाणी कोणत्या वाघानं अडवलं असतं?

आमच्या पुतणीनं मोट पाहिलेली नाही, ऐकलेलीही नाही. तिला सासूबाईंनी वरच्या दगडांपाशी उभं करून सगळं समजावलं. मोट म्हणजे पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी, तिला वरून नाडा हा जाड दोर आणि खालून सोंडेला सोंदूर हा दुसरा दोर. बैल धावेवरून उताराला चालत गेले की मोट वर येणार, सोंड मोकळी होणार आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, पडून पाटाला लागणार. मग बैल मागे सरकत पुन्हा विहिरीपाशी. एका मोटेला एक जोडी धरली तरी बारा मोटांना चोवीस बैल झाले, हा हिशेब यांनी लगेच मांडला. पुतणीनं विचारलं, ‘आणि सगळे एकदम मागे सरकायचे?’ सासूबाई म्हणाल्या, ‘सवय असते बैलांना.’

महाराज इथल्या महालात बसून खलबतं करत, असंही सांगतात. करतही असतील. भर उन्हाळ्यात त्या दगडी खोलीत इतकं गार असतं की मीसुद्धा एखादं राज्य चालवीन. एवढंच मनात येतं, की बारा चाकं कुरकुरत असताना, बारा थारोळ्यांत पाणी आदळत असताना माणसाला माणसाचं ऐकू कसं येत असेल? की खलबताला जागा म्हणूनच उत्तम?

वाईला याच्या उलट. तिथं वस्तू चोख काम करते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी कृष्णेच्या काठावर बांधलं. मूर्ती एवढी मोठी की माणसं समोर उभी राहून हात जोडतात, फोटो काढतात आणि तशीच मागे फिरतात. देवळाच्या पाठीमागे जायला हवं. तिथली भिंत सरळ नाही. माशाच्या आकारानं निमुळती होत ती नदीत टोक काढते, म्हणजे पुराचं पाणी येऊन आदळतं ते दोन बाजूंना फाटून निघून जातं. मला हे टोक गाभाऱ्याइतकंच पूजनीय वाटतं. सासूबाईंना हे बोललेलं आवडलं नाही.

वाईपासून मेणवली हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघायला लोक येतात. सिनेमावाल्यांमुळे तर जास्तच येतात. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी काढून आणल्या आणि गावोगावच्या देवळांत वाटल्या, त्यांतली ही एक. मेणेश्वराच्या शेजारी मेरी माता निमूट नांदते आहे. विजयाची निशाणी म्हणून आणलेली वस्तू इतकी वर्षं एका जागी राहिली की गावची होऊन जाते. घंटा वाजवणाऱ्या पोराला तिच्यावर कोण आहे हे ठाऊक नव्हतं. ‘देवी हाय,’ म्हणाला. खोटं तरी कसं म्हणावं? तिथून जवळच धोमला तळ्यातल्या कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय. कुंड कमळाच्या आकाराचं, ते पाण्यानं भरलं की कासव नंदीला घेऊन पोहायला निघाल्यासारखं वाटतं. तो पाण्यासकट बघावा, कोरडा बघण्यात राम नाही.

हे सगळं लिहिताना एक राग गिळावा लागतो. गावाला आपल्या जुन्या वास्तूचं महत्त्व कळतं तेव्हा पुष्कळदा पहिल्यांदा ऑइलपेंट येतो. काळ्या दगडाचा नंदी एका चैत्रात पांढराशुभ्र होतो, शिंगांना सोनेरी, डोळ्यांना निळा. मग स्टीलचे कठडे, मग गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. दुर्लक्षानं दगड झिजतो, पण या प्रेमानं तो दिसेनासाच होतो. तरीही, खरं सांगायचं तर, रंग लावणारा गावचा मुलगा आणि विहिरीत पाण्याच्या बाटल्या टाकून जाणारा रील्सवाला यांत निवड करायची झाली, तर मी रंगाच्या डब्याच्या बाजूनं.

साताऱ्यातून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर माहुली. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम. औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या ताराबाई, मोगलांच्या कैदेत जवळजवळ तीस वर्षं काढून १७१९ साली परत आलेल्या येसूबाई आणि त्यांचे पुत्र शाहू महाराज यांच्या समाध्या याच माहुलीत. म्हणजे लिंबला विहिरीचं काम सुरू झालं त्याच वर्षी राजमाता साताऱ्यात आल्या होत्या. हे तिथल्या वाळूत उभं राहिल्यावर डोक्यात येतं आणि माणूस थोडा गप्प होतो.

पण गप्प फार वेळ राहता येत नाही, कारण बरोबरची मुलं विचारत असतात, ‘कुत्रा कुठाय?’ माहुलीत खंड्याची समाधी आहे. खंड्या म्हणजे शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यानं महाराजांना वाचवलं, अशी गोष्ट. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफनं तर लिहून ठेवलंय की महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जहागीर दिली होती, पालखी दिली होती, आणि एकदा भर दरबारात त्याला जरीचे कपडे, दागिने चढवून स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. दरबारातल्या सरदारांचे चेहरे कसे झाले असतील! मुजरा करायचा तर कुणाला? जहागिरीचा वसूल कुत्र्याच्या नावे कोण जमा करत होतं, हे यांना जाणून घ्यायचं होतं. मला आपलं वाटलं, ज्याचं बालपण आणि तरुणपण मोगलांच्या छावणीत गेलं, त्याला माणसांपेक्षा कुत्र्याचा भरवसा जास्त वाटला असेल तर नवल काय?

यांचं खरं समाधान झालं ते पाटेश्वरला. देगावच्या बाजूनं डोंगर चढून जावं लागतं, वाट बरी आहे, गुडघे बरे हवेत. वर देऊळ, पाण्याचं कुंड, आणि कातळातल्या लेण्यांतून पिंडीच पिंडी. एका पिंडीवर असंख्य छोट्या पिंडी कोरलेल्या, कुठं मुखं असलेल्या, लहान, मोठ्या, जमिनीत, कोनाड्यात. यातलं पुष्कळसं काम परशुराम नारायण अनगळ यांनी करवलं. हे अनगळ राजे नव्हते. सावकार होते. आपल्याच पेशाचा माणूस निघाल्यावर यांचा चेहरा खुलला. ‘एवढा पैसा डोंगरावर घातला, तारण काय, परतफेड काय?’ असं पुटपुटत ते प्रत्येक लेणं नव्यानं बघू लागले.

तिथंच अग्निवृषाची मूर्ती आहे, बैल आणि माणूस एकत्र केलेली. ऋग्वेदात एका ऋचेत चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी आणि सात हात असलेला बैल येतो, तो दगडात घडवायचं धाडस इथं कुणीतरी केलंय. मी हे सांगितलं आणि पस्तावले. बँकेत टोटल लागल्याशिवाय घरी जायचं नाही, ही यांची जन्माची सवय. मोबाइलचा टॉर्च लावून मोजणी सुरू झाली. डोकी जुळली. पाय जुळले. हातांपाशी अडलं. झिजलेला एक तुकडा हात धरायचा की नुसता दगड, यावर सासूबाईंचं आणि त्यांचं एकमत होईना. मी बाहेर येऊन पायरीवर दशम्यांचा डबा उघडला. आतून आवाज आला, ‘अगं, तू ये जरा, पहिल्यापासून घेऊ.’