ॲक्रिलिकची घाई, तैलरंगाचा सबुरीचा मामला : सोलापुरातल्या उन्हाळी सत्राची नोंद

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा आपण जलरंग आणि पोस्टर कलर यांच्या जोरावर देतो, त्यामुळे कला महाविद्यालयात येईपर्यंत रंग म्हणजे पाण्यात कालवायचा आणि वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा उचलता येणारा पदार्थ, अशी समजूत हाडीमाशी खिळलेली असते. या सत्रात ॲक्रिलिक आणि तैलरंग प्रथमच हाती आले. दोन्ही माध्यमांत रंगमिश्रणाच्याही आधी समजून घ्यावे लागले ते रंगाचे वाळणे, आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो व हवेत ओलावा जवळजवळ नसतो अशा सोलापुरात ट्यूबवर छापलेल्या वेळेवर विसंबून काम होत नाही, हे माझे आतापर्यंतचे मत आहे.

ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्य पाण्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकसदृश सूक्ष्म कणांबरोबर मिसळलेले असते. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणजे सारा खेळ बाष्पीभवनाचा, आणि बाष्पीभवनाला आमच्या गावात कशाचीच आडकाठी नाही. दुपारी पंख्याखाली बसल्यास पॅलेटवरच्या पातळ पसरलेल्या रंगाची कड मॅट होते, मग तिच्यावर सुरकुती पडते आणि मधला भाग ओला असतानाच कडेचा रंग नखाने सोलण्याजोगा होतो. यावर उपाय गावानेच पुरवला आहे. पसरट स्टीलच्या डब्यात ओला करून पिळलेला जुना सोलापुरी टॉवेल घडी घालून ठेवायचा, त्यावर बटर पेपर अंथरायचा आणि रंग त्या कागदावर काढायचा. टेरीचे जाड धागे पाणी बराच वेळ धरून ठेवतात आणि कागदातून ते थोडे थोडे वर येत राहते; झाकण लावले तर सकाळी काढलेला रंग संध्याकाळीही वापरता येतो. टॉवेल निथळत असेल तर मात्र रंगच पातळ होतो, म्हणून तो घट्ट पिळलेला हवा. बाजारात मिळणारे रिटार्डर, म्हणजे रंगाचे वाळणे लांबवणारे द्रव्य, मी बेतानेच वापरतो, कारण त्याचे प्रमाण वाढले की थर चिकट राहतो, आणि धुळीच्या दिवसांत चिकट थराइतका वाईट शेजारी नाही.

सरावासाठी पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीवर ठेवलेला पितळी तांब्या हा विषय घेतला आहे. चादरीच्या लाल पट्ट्याची छटा जमवताना ॲक्रिलिकचा आणखी एक गुण लक्षात येतो : ओला असताना माध्यम दुधाळ दिसते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, त्यामुळे रंग वाळला की किंचित गडद होतो. मी आता प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कागदाच्या पट्टीवर लावतो, तो वाळू देतो आणि मगच कॅनव्हासकडे वळतो. इथल्या हवेत त्यासाठी फार थांबावेही लागत नाही. तांब्याच्या पोटावरची उजेडाकडून सावलीकडे जाणारी मऊ उतरण ओल्यावर ओले कालवून साधण्याचा हट्ट मी सोडला आहे. त्याऐवजी पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवतो. खालचा थर हलत नसल्यामुळे ही रीत ॲक्रिलिकला मानवते, आणि पितळेचा पिवळेपणा तीत अधिक खोल दिसतो.

तैलरंगाचे शास्त्र अगदीच निराळे आहे. तेल उडून जात नाही; ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. त्यामुळे उष्णतेने वेग थोडा वाढला तरी काम दिवसांच्याच हिशेबाने चालते. आपल्याकडे चटणीसाठी ओळखले जाणारे जवस हे या रंगांच्या तेलाचे मुख्य बी आहे, आणि जिल्ह्यात रब्बीत पिकणाऱ्या करडईचे तेल अनेक कंपन्या पांढऱ्या रंगात वापरतात, कारण ते जवसाच्या तेलापेक्षा कमी पिवळे पडते. ते वाळते मात्र सावकाश. (म्हणून घरातली करडईच्या तेलाची बाटली स्टुडिओत आणू नये. खाद्यतेल टिकावे म्हणून त्यात अनेकदा असे घटक घातलेले असतात की ते वाळणेच लांबवतात.) रंगद्रव्यानुसारही फरक पडतो. अंबर या तपकिरी मातीच्या रंगात मँगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो, तर आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग रेंगाळतो, म्हणून पहिली मांडणी मी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने करतो आणि तेलाचे प्रमाण वरच्या थरांत वाढवत नेतो. हा क्रम उलटा झाला तर सावकाश वाळणाऱ्या तेलकट थरावर वरचा रुक्ष, म्हणजे कमी तेलाचा, थर आधी कडक होतो आणि पुढे तडकतो.

उन्हाळ्यात एक खबरदारी विशेष सांगावीशी वाटते. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तेल ऑक्सिजन घेताना निर्माण झालेली उष्णता आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पत्र्याच्या छताखाली काम करणाऱ्यांनी तर चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, नाहीतर एकेक उलगडून मोकळ्या हवेत वाळवाव्यात.

सध्या तांब्याची ॲक्रिलिक आवृत्ती पूर्ण झाली आहे आणि तैलरंगातली अर्ध्यावर आहे. चादरीच्या पट्ट्या ॲक्रिलिकमध्ये अधिक धारदार आल्या आहेत, पितळ मात्र तेलात निःसंशय सरस आहे, कारण चकाकीच्या कडा दुसऱ्या दिवशीही बोटाने मऊ करता येतात. पुढच्या चित्रात दोन्ही एकत्र करण्याचा विचार आहे : ॲक्रिलिकच्या पातळ थरात मांडणी आणि त्यावर तैलरंग. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तेल धरते, तेलावर ॲक्रिलिक टिकत नाही, एवढा क्रम पाळायचा आहे. तैलचित्राला वार्निश देण्यासाठी सहा महिने थांबण्याचा प्रघात आहे, तेव्हा ते काम जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास होईल.