घरची आइसकांडी: साखरेचा हिशेब आणि गोठण्याचा वेग

घरी केलेल्या आइसकांडीबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ती इतकी कडक होते की दात लागत नाही. दुसरी म्हणजे दोन-तीनदा चोखली की रंग आणि गोडवा निघून जातो, आणि काडीला नुसता पांढरा बर्फ उरतो. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: साखर कमी पडलेली असते आणि गोठायला फार वेळ लागलेला असतो.

पाणी गोठताना फक्त पाणीच स्फटिकात जातं. साखर, रंग, आंबटपणा हे सगळं बाजूला ढकललं जातं. त्यामुळे उरलेला पाक दाट होत जातो आणि जितका दाट, तितका उशिरा गोठतो. घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवरही थोडा पाक न गोठता स्फटिकांच्या फटींमध्ये राहतो. कांडी चावता येते ती या पाकामुळेच. तो फारच कमी असेल तर हातात बर्फाचा ठोकळा येतो. स्फटिक मोठे झाले असतील तर फटीही मोठ्या होतात आणि चोखताना पाक सरळ बाहेर ओढला जातो.

म्हणून साखर फक्त चवीपुरती धरू नये. मिश्रणाच्या एकूण वजनात 16 ते 20 टक्के साखर असावी. 12 टक्क्यांच्या खाली गेलं की कांडी दगड होते, 25 च्या वर गेलं की काडीवर धड उभी राहत नाही, काढताना मऊ पडते. या हिशेबात फळातली साखरही धरायची. पिकलेल्या आंब्याच्या गरात साधारण 14 टक्के साखर असते, कलिंगडात जेमतेम 6. त्यामुळे दोन्हींसाठी एकच प्रमाण वापरलं तर एक तरी कांडी बिघडणारच.

आंब्याची करायची तर 400 ग्रॅम गर, 120 मिली पाणी, 60 ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घ्यावं. 70 मिलीचे आठ साचे यात होतात. कलिंगडासाठी 500 ग्रॅम गाळलेला रस, 80 ग्रॅम साखर आणि 20 मिली लिंबाचा रस. नुसत्या लिंबाची हवी असेल तर 450 मिली पाण्याला 110 ग्रॅम साखर आणि 60 मिली रस. पाण्यात साखर विरघळवताना लिंबाची थोडी साल किसून घालावी आणि नंतर गाळून टाकावी. हिरव्या भागाखालचा पांढरा भाग मात्र किसणीला लागू देऊ नये, तो कडवट असतो.

साखर कच्ची ढवळून टाकू नका. थोड्या पाण्यात गरम करून पूर्ण विरघळवा, गार करा आणि मगच फळात मिसळा. नाहीतर साखर साच्याच्या तळाशी बसते. साचा उलटा असल्यामुळे तो तळ म्हणजे कांडीचं टोक. ते मऊ गोड राहतं आणि काडीकडचा भाग कडक, बेचव होतो. चव पाहताना मिश्रण सरबतापेक्षा थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी जाणवते. आंबटपणाही नीट उठून दिसायला हवा. साखरेऐवजी स्टीव्हियासारखा पर्याय वापरला तर गोडी मिळते, मऊपणा मिळत नाही. त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की पाण्याच्या गोठण्यावर काही फरक पडत नाही. याउलट साखरेचा चौथा हिस्सा काढून तेवढंच लिक्विड ग्लुकोज किंवा मध घातला तर पोत स्पष्टपणे सुधारतो.

गर असलेली फळं कांडीला सोपी जातात. आंबा, केळं, स्ट्रॉबेरी, पीच यांच्यातला तंतू आणि पेक्टिन पाण्याला धरून ठेवतात, म्हणून स्फटिक बारीक राहतात. संत्रं, द्राक्षं, कलिंगड यांचा नुसता रस पातळ. त्यात अर्ध्या केळ्याचा किंवा थोड्या आंब्याचा गर घातला तर पाक चटकन ओढला जात नाही. गर मिक्सरमधून काढल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाका. फेसासकट भरलं तर काडीकडच्या टोकाला भुसभुशीत थर येतो आणि काडी तिथूनच सुटते.

दुधाच्या कांडीचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे स्निग्धांश आणि प्रथिनं मदतीला असतात. एक लिटर सायीचं दूध मंद आचेवर 600 मिलीपर्यंत आटवा. दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून घाला आणि उकळी आल्यावर एक-दोन मिनिटं सतत ढवळत शिजवा. कच्चं राहिलं तर कांडीला पिठाची चव येते. त्यात 80 ग्रॅम साखर पुरते, कारण दुधातली स्वतःची साखर आटून दाट झालेली असते. ताजं अननस किंवा किवी दुधात घालायचं असेल तर आधी पाच मिनिटं शिजवून घ्या. त्यांतलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि मिश्रण कडू होतं. शिजवल्यावर ते निकामी होतं.

आता वेग. जितक्या लवकर गोठेल तितके स्फटिक बारीक. मिश्रण आधी तासभर फ्रिजमध्ये गार करून मगच साच्यात भरा. फ्रीझर आदल्या रात्रीच सगळ्यात गार अंशावर ठेवा आणि साचे मागच्या भिंतीजवळ ठेवा. साच्यांमध्ये बोटभर अंतर हवं. गर्दी केली की हवा फिरत नाही. पातळ धातूचा साचा प्लास्टिकपेक्षा लवकर गार होतो. एकदा ठेवल्यावर सारखं दार उघडून बघू नये, प्रत्येक वेळी आतलं तापमान चढतं. सहा तास किमान, रात्रभर उत्तम.

साचा काठोकाठ भरू नये, वर पाऊण सेंटिमीटर जागा सोडावी. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेल्या साच्यात ते झाकण उचलून बाहेर येतं. झाकण नसलेल्या साच्यात लाकडी काडी लगेच उभी राहत नाही, तिरकी तरंगते. त्यासाठी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा आणि साचा भरल्यावर तास-सव्वा तासाने घाला. तेव्हा कडेला बर्फ धरलेला असतो आणि मध्यभागी चमच्याने ढवळता येईल असा किसासारखा लगदा असतो. काडी त्यात सरळ शिरते आणि तशीच थांबते. उशीर झाला तर मधलं गोठतं आणि जोर लावावा लागतो. तसा जोर लावू नका, कांडी उभी चिरते.

दोन रंगांचे थर करतानाही हीच वेळ कामी येते. पहिला थर वरून धरला, पण बोट दाबल्यावर किंचित दबतो, अशा अवस्थेत दुसरा गार थर ओता. पूर्ण गोठल्यावर ओतलं तर दोन्ही थर चिकटत नाहीत आणि चावताना खालचा तुकडा गळून पडतो. फळांचे तुकडे घालायचे तर बारीक कापून थोडा वेळ साखरेत मुरवून घाला, साधे तुकडे कांडीत खड्यासारखे लागतात. लहान मुलांसाठी अख्खी द्राक्षं घालू नका, ती घशात अडकू शकतात. उभी चार भागांत कापा.

काढताना साचा कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा. पाणी साच्याच्या काठापर्यंत यावं, आत जाऊ नये. काडी सरळ वर ओढा. पिळली तर काडी फिरते आणि कांडी साच्यातच राहते. सुटली नाही तर आणखी पाच सेकंद बुडवा. उकळतं पाणी घेतलं तर बाहेरचा थर वितळतो, नक्षी जाते आणि परत फ्रीझरमध्ये ठेवल्यावर वर खरखरीत बर्फ चढतो.

साच्यात दिवसेंदिवस ठेवण्यापेक्षा सगळ्या एकदम काढून प्रत्येकीला बटर पेपर गुंडाळा, हवा काढलेल्या पिशवीत भरा आणि पुन्हा फ्रीझरमध्ये टाका. दोन आठवड्यांत संपवा. त्यानंतर पृष्ठभाग कोरडा पडतो आणि वास बसतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, म्हणून पाणी पिण्याचंच वापरा, फळं नीट धुवा, आणि एकदा पूर्ण वितळलेलं दुधाचं मिश्रण परत गोठवू नका.