आमची वाटचाल: पटांगणावरचा सराव पाठ

2015 पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि छात्राध्यापकांनी किमान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावेत, असा नियम आला. नागपूरच्या अध्यापक महाविद्यालयांना त्यासाठी बाहेरची मदत लागेल, या अंदाजावर मी आणि माझे एक जुने सहकारी यांनी वर्गाबाहेर शिकवण्याचे प्रशिक्षण देणारी ही छोटी फर्म सुरू केली. अंदाज बरोबर निघाला. द्यायचे काय, हे मात्र आम्हाला उशिरा कळले.

पहिले दोन हिवाळे आम्ही छात्राध्यापकांना नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलात नेले. सोबत पक्ष्यांचा जाणकार असे, मंडळी खूश होऊन परतत, आणि नंतर शाळेत त्यांच्यापैकी एकही जण वर्ग बाहेर काढत नसे. कारण विचारले, तेव्हा उत्तरे ठरलेली आली: मुले पांगली तर काय करायचे, एखाद्याने झाडाचे नाव विचारले आणि आपल्याला आले नाही तर काय, आणि तास बुडवला असे मुख्याध्यापक म्हणाले तर काय. या तीन भीतींपैकी एकीवरही गोरेवाड्यात उपाय मिळण्यासारखा नव्हता.

आम्ही सहली बंद केल्या आणि प्रशिक्षण शाळेच्याच पटांगणावर, 35 मिनिटांच्या तासिकेत बसवले. पहिल्या पाठाला विषयच नसतो. चाळीस मुले बाहेर न्यायची, बसवायची आणि वेळेत परत आणायची, एवढेच काम. सूचना वर्गातच द्यायच्या, कारण बाहेर गेल्यावर त्या कोणी ऐकत नाही. ऊन मुलांच्या पाठीवर यावे म्हणून शिक्षकाने स्वतः उन्हाकडे तोंड करायचे आणि शक्यतो भिंत पाठीशी घेऊन बोलायचे, म्हणजे आवाज वाऱ्यावर जात नाही. आदल्या दिवशी एकट्याने जागा फिरून यायची आणि आग्या मोहोळ, मुंग्या, काचा, उघडे चेंबर यांची नोंद पाठ टाचणात करायची. ती नोंद नसेल तर आम्ही पाठ घेऊ देत नाही. ही अट अनेकांना जाचक वाटते, पण आम्ही ती सोडलेली नाही.

दुसऱ्या भीतीवरचा उपाय आम्हाला एका फजितीतून सापडला. फेब्रुवारीच्या मध्यावर एक छात्राध्यापिका एक मीटरच्या काठीची सावली मोजून घेत होती. बारा वाजता सावली सर्वांत लहान असते, असे तिने सांगून ठेवले होते, आणि मुलांच्या मापात मात्र सावली बारानंतरही कमी होत राहिली. ती गडबडली, आम्हीही क्षणभर गडबडलो. आपले घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेले, नागपूर त्याच्या पश्चिमेला, 79 अंशांच्या जवळ. त्यात फेब्रुवारीतला सूर्याचा विलंब मिळवला की इथली खरी दुपार, म्हणजे सूर्य सर्वांत वर असण्याची वेळ, 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमारास होते. फरक जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा, पण मुलांनी तो पकडला होता. तेव्हापासून प्रत्येक छात्राध्यापकाला उत्तर ठाऊक नसलेल्या एका प्रश्नावर मुलांसोबत मोजमाप करून दाखवावे लागते.

तिसऱ्या भीतीबद्दल आमच्या हाती फारसे काही नाही. वर्धा नागपूरपासून जेमतेम 75 किलोमीटरवर आहे. 1937 साली तिथल्या परिषदेत नई तालीमची, म्हणजे हाताने काम करत शिकण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली, हे प्राचार्य आम्हाला अभिमानाने ऐकवतात आणि लगेच विचारतात की वेळापत्रकात हे बसवायचे कुठे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस आल्यापासून चौकशा वाढल्या, पण त्यातील बहुतेकांना पुन्हा सहलच हवी असते.

व्यवसाय म्हणून हे काम हंगामी आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पावसाळ्यात पटांगण चिखलाचे असते आणि मार्चपासून ऊन तापते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आमचे कमाईचे महिने. एका महाविद्यालयाने तर बिल दीड वर्षाने दिले. तरीही सहलीच्या मागण्या आम्ही नाकारतो. काटोल रस्त्यावरील जुनापाणीची शिळावर्तुळे दाखवायला आम्ही नेतो, पण पटांगणावर तीन पाठ घेतलेल्यांनाच, आणि तिथेही दोरी, टेप आणि शिट्टी त्यांच्याच हातात असते.