ऑक्सविचच्या वाटेवरचा ॲश

ॲश या झाडाच्या मररोगाची तपासणी हिवाळ्यात करू नका, हे मी सांगून सांगून थकले. रोग किती पुढे गेलाय ते शेंड्यात पानं किती उरलीत यावर ठरतं. पानंच नसताना ठरवायचं काय? तरी जुलैत माझ्याकडे आलेला जुना अहवाल जानेवारीतलाच होता. चर्चच्या वाटेवरच्या एकूणएक ॲशपुढे एकच शेरा: पाडा.

हे चर्च वेल्समध्ये, गावर द्वीपकल्पावरच्या ऑक्सविचला आहे, संत इल्टुड यांचं. वस्ती मागे पडली की किनाऱ्यालगतची पायवाट रानात शिरते आणि चुनखडीच्या उतारावर, झाडांच्या आडून जुना दगडी मनोरा दिसू लागतो. भरतीला लाटांचा आवाज थेट आवारात येतो. गाभारा अगदी छोटा, कोनाड्यात एक सरदार आणि त्याची पत्नी दगडात पहुडलेली. इथे येणाऱ्या माणसांच्या डोक्यावर फांदी पडता कामा नये, याबद्दल माझं दुमत नाही.

ॲशचा मररोग पूर्व आशियातल्या बुरशीमुळे होतो. ब्रिटनमध्ये तो 2012 साली सापडला. गेल्या वर्षीच्या गळून पडलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात बारीक पांढऱ्या छत्र्या उगवतात, त्यांचे बीजाणू वाऱ्यावर नव्या पानांत शिरतात आणि झाड शेंड्याकडून वठत येतं. आम्ही झाडांच्या चार प्रती (दर्जे) लावतो: पाऊणहून जास्त पर्णसंभार शाबूत असेल तर पहिली, पावाहून कमी उरला तर चौथी. चौथ्या प्रतीच्या झाडावर आमच्यातलं कुणी दोर लावून चढत नाही. लाकूड इतकं ठिसूळ होतं की करकर न करताच फांदी तुटते. मग यांत्रिक पाळणा आणावा लागतो, आणि तो या अरुंद वाटेवर आणायचा कसा, हे कागदावर ‘पाडा’ लिहिणाऱ्याला सुचलेलं नसतं.

बरीचशी झाडं खरंच गेलेली होती. एका झाडाला खोल ढोली होती. तिच्यात वटवाघळं नाहीत याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, कायदाच तसा आहे. मनोऱ्याच्या खालच्या अंगाचा एक ॲश मात्र भरगच्च हिरवा. दुर्बिणीतून पाहिलं तर शेंड्यातून आभाळ जेमतेम दिसत होतं. सगळीकडून बीजाणूंचा मारा होत असताना असं उभं राहणारं झाड फार मोलाचं, कारण ही सोसण्याची ताकद काही अंशी बियांतून पुढे जाते. हिरव्या बियांचे घोसही लटकत होते. मी पहिली प्रत लिहिली.

मग बुंध्याशी बसून हातोडीने ठोकत गेले. तीन बाजूंना खणखणीत आवाज. समुद्राकडच्या बाजूला बद्द, पिकल्या फणसावर टिचकी मारावी तसा. तिथली साल काळवंडून खचली होती. सुरीने थोडी उचलली तर आत पांढरा पापुद्रा आणि अळंब्यांचा वास: मधाच्या रंगाच्या छत्र्यांची दुसरीच एक बुरशी (हनी फंगस) मुळाशी शिरलेली. घेराचा चौथा हिस्सा तरी गेला होता, आणि झाडाचा कल नेमका वाटेकडे.

म्हणजे जानेवारीतल्या त्या माणसाचा शेरा या झाडापुरता बरोबर असू शकतो, जरी त्याने ते नीट पाहिलंच नसलं तरी. हे मला अजून पचत नाही. तो सगळीच झाडं पाडायला सांगत होता. त्याला हे झाड कळलं, असं मी म्हणणार नाही.

मी लिहिलं: वाटेकडच्या दोन जड फांद्या हलक्या करा, उंची उतरवा, झाड ठेवा, दर जुलैत बुंधा तपासा. आयुष्यभर झाडांवर चढलेला माझा सहकारी म्हणाला, “छाटणी या रोगात सोसवत नाही. तू त्याला हळूहळू मारते आहेस.” त्याचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, आणि त्याच्या म्हणण्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच म्हणाले की पाडलेलं झाड पुन्हा उभं करता येत नाही.

अहवालात शेवटी एक मागणी घातली आहे: करवत लागण्याआधी, शरद ऋतूत, त्या झाडाचं बी गोळा करू द्यावं. त्याला अजून होकार आलेला नाही.